मशीनच्या गळ्यातला दोरा

एखादा माणूस काम करता करता स्टुलावरून पडून जातो. तुम्ही त्याच्या दारात चपला काढता आणि उंबरा ओलांडायच्या आतच म्हणता, ‘वेळ भरली होती त्याची.’ ती वेळ कशानं भरली, हे तुम्ही कधी विचारलंय का?

मामा, तू गेल्यावर तुझ्या कुपवाडच्या घरात हे वाक्य मी तेरा दिवस ऐकलं. सावडायच्या दिवशी ऐकलं. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर, कावळ्याची वाट बघत उभी असताना ऐकलं. कावळा लगेच शिवला, तर लोक म्हणाले, बघा, काही इच्छा राहिली नव्हती. मला माहीत आहे काय राहिलं होतं. जिथं तू पडलास, कराडच्या त्या फ्लॅटमधली दोन कपाटं भिंतीवर चढवायची राहिली होती. आणि आपलं भांडण राहिलं होतं.

घाटावरच मी बोलून गेले. म्हणाले, “वेळ नव्हती भरली. स्क्रू तळाला टेकला होता.” थोरल्या मामांनी माझ्याकडं न बघताच सांगितलं, “पोरी, हितं भाषण नगं.” बरोबर होतं त्यांचं. ती जागा भाषणाची नव्हती. पण तिथं नाही, घरात नाही, तेराव्याच्या जेवणात नाही, तर मग कुठं? म्हणून हा कागद. आमच्या घरात जे कुठंच बोलता येत नाही ते कागदावर छापून वाटायची पद्धत आहे, हे तुला ठाऊक आहे. माझ्या बापानं कारखान्याच्या गेटावर उभं राहून वाटलेल्या पत्रकांच्या घड्या मीच घालायची आणि तू मला चिडवायचास, “शाळंत पाढं कमी, घड्या जास्त.”

काय झालं ते मी पाहिलं नाही. इब्राहिमचाचांनी पाहिलं. इतकी वर्षं तुम्ही दोघं जोडीनं लोकांची स्वयंपाकघरं उभी करत होता, तू वर, चाचा खाली. दहाव्याहून परतल्यावर ते तुझ्या दारातल्या पायरीवर बसले होते आणि कुणी विचारत नव्हतं, म्हणून मी विचारलं.

“वरचं कपाट त्यानं डाव्या हातानं भितीला दाबून धरलं हुतं,” ते म्हणाले. “उजव्या हातात मशीन. स्क्रू लांब हुता. भोकात ठोकलेल्या पिलास्टिकच्या गिट्टीत निम्मा गेला, सगळा गेला, अन् तळाला टेकला. स्क्रू थांबला गं, मशीन न्हाई थांबलं. हातातच गर्रकन फिरलं अन् त्याला घिऊनच खाली आलं. मी कपाट सावराया गेलो. कपाट सावारलं मी. माणूस न्हाई सावारला.”

खाली ओटा होता. त्याची ग्रॅनाइटची कड होती. त्यापुढचं मी लिहीत नाही.

ज्यांनी बॅटरीचं ड्रिल मशीन हातात धरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मशीनच्या तोंडाला, जिथं बिट म्हणजे फिरणारं टोक बसतं त्याच्या मागं, एक रिंग असते. तिच्यावर आकडे असतात आणि शेवटी बिटाचं एक छोटं चित्र. रिंग आकड्यावर असली की स्क्रू घट्ट बसल्याबरोबर मशीन आतल्या आत सुटतं, टर्रटर्र वाजतं आणि पुढं फिरत नाही. आकडा लहान असेल तर लवकर सुटतं, मोठा असेल तर उशिरा. रिंग चित्रावर असली की सुटत नाही. ती भोक पाडायची जागा आहे. तिथं मशीन सगळा जोर लावतं, आणि समोरचं फिरलं नाही तर मागचं फिरवतं. मागं तुमचं मनगट असतं. स्क्रू मारताना रिंग आकड्यावर हवी, एवढंच. इतकी साधी गोष्ट आहे ही.

तुझी रिंग चित्रावर होती, मामा. ती तू तिथं ठेवली नव्हतीस. ती तिथून हलतच नव्हती.

हे वाचून कुणी म्हणेल, कारागीर हलगर्जी असणार. त्याला मी तुझ्यासमोर बसवला असता. मला मशीन धरायला तूच शिकवलंस. आमच्या वाचनालयात पत्रकांसाठी एक फळा लावायचा होता आणि मी तुला बोलवायला आले, तर तू उठलासच नाहीस. “दुनिया बदलाया निघालीस अन् भितीला भोक पाडाया मामा लागतो व्हय?” पेटी माझ्याकडं सरकवलीस आणि स्वतः खुर्चीवर पाय घेऊन बसलास.

पहिली गोष्ट माझी ओढणी काढायला लावलीस. मग केस वर बांधायला. मग हातातलं कडं. मी आपणहून हातमोजे घातले तर ते ओढून काढलेस. फिरत्या बिटाला कापडाचा एक धागा सापडला तरी ते सगळा हात मागतं, म्हणालास. चष्मा मात्र घालायला लावलास, तुझा स्वतःचा, एका काडीला पट्टी चिकटवलेला. भोक कुठं पाडायचं ते मी पेन्सिलनं काढलं, तर तू भिंतीवरच्या बटणांकडं बोट केलंस. “तेच्या सरळ वर न्हाई, सरळ खाली न्हाई. वायर तिथंनंच जाती. अन् तरीबी शंका आली तर मेन बंद करायचा. आपलं मशीन बॅटरीवर चालतंय, तेला लाइट लागत न्हाई.” हे मला सुचलंच नव्हतं, की घरातली वीज बंद ठेवून काम करता यावं म्हणून तर ही बॅटरी.

बिट बदलायला मी तशीच बोटं बिट पकडणाऱ्या चकाला लावली. तू माझ्या मनगटावर चापट मारलीस, जोरात. “आधी जीव काढायचा, मग दात बदलायचं.” बॅटरी म्हणजे जीव, बिट म्हणजे दात. आजही बिट बदलताना मी ते पुटपुटते आणि बॅटरी काढून टेबलावर ठेवल्याशिवाय माझी बोटं पुढं जात नाहीत. ट्रिगर हळू दाब, मशीनवर रेलू नको, बिट बोथट झालं असेल तर जोर लावण्यापेक्षा बिट बदल. “तेला ढकलायचं न्हाई. तेला नुसतं सांगायचं, हितनं जा.” पहिलं भोक वाकडं गेलं तेव्हा म्हणालास, “झालं, फळाबी डाव्या अंगानं झुकला, तुमच्यासारखाच.”

आणि बॅटरीचं तुझं लाडकौतुक. एप्रिलात सगळ्या कुपवाडच्या गाड्यांच्या डिक्क्या तव्यासारख्या तापतात, तू बॅटऱ्या तिथं कधी ठेवल्या नाहीस. ओल्या फडक्यात डबा गुंडाळायचास आणि बॅटऱ्या मात्र कोरड्या पिशवीत, खांद्याला, सावलीत. काम झाल्याझाल्या मी बॅटरी चार्जरला लावायला गेले तर हात धरलास. “धावत आलेल्या माणसाला दारातच जेवाया वाढतीस का? बसू दे तेला. थंड हू दे.” चार्जर फरशीवर, गादीवर कधी नाही. एक बॅटरी फुगली होती, ती तू अजून चालत असताना बाजूला काढलीस आणि मामीनं विचारलं तर म्हणालास, “तिचं पोट बरं न्हाई.” संध्याकाळी रंगाच्या जुन्या ब्रशनं मशीनच्या फटींतली धूळ काढायची, तोंड खाली करून चक उघडायचा, दोन टिचक्या मारायच्या, सिमेंट झडू द्यायचं, कोरडं फडकं फिरवायचं. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा हात नाही. तुझी ही सगळी संध्याकाळ मला पाठ आहे.

असा माणूस होतास तू. तरी रिंग हलत नव्हती.

खंडेनवमीला तू हत्यारं पाटावर मांडलीस. करवत, पटाशी, हातोडी आणि मधोमध बॅटरीचं मशीन. हळदीकुंकू, झेंडूची फुलं आणि मशीनच्या गळ्याला लाल-पिवळा दोरा. पाच वेढे. गळा म्हणजे नेमकी ती रिंग आणि तिच्यामागची खाच. आदल्या दिवशी तू भोकंच पाडत होतास, म्हणून रिंग चित्रावर होती. गाठ बसली, वर हळदकुंकवाचं पाणी शिंपडलंस, ते वाळलं, आणि दोरा रिंगेला सिमेंटसारखा धरून बसला. आणि तुमच्याकडं नवमीचा दोरा पुढच्या नवमीपर्यंत सोडत नाहीत.

मी आले ती वादाचं दप्तर घेऊनच. “मामा, लोखंडाला कसला देव?”

“अगं, अर्धं पिलास्टिक हाय ते,” तू म्हणालास. “निम्माच देव हाय.”

मी हसले नाही. तुला ऐकवलं, की हत्यार कामगाराचं असतं, त्याला कामगारानं हात जोडायचे नसतात. त्यावर तू फूल वाहता वाहता जे विचारलंस, त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. “तुझ्या बाचं पत्रक पायाखाली आलं की तू उचलून कपाळाला लावतीस का न्हाई?”

“ते वेगळं.”

“कसं वेगळं?”

मी म्हटलं, नंतर सांगते. घरी जाऊन मी चार परिच्छेद लिहिले, हत्यारपूजेविरुद्ध, छापूनही आणले. पहिली प्रत तुला दिली. तू ती वाचलीस, सगळी वाचलीस, आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या घरी भोक पाडताना तिची पन्हाळीसारखी घडी घालून भिंतीला चिकटपट्टीनं लावलीस, धूळ पडायला. “बघ,” म्हणालास, “तुझ्या लिखाणानं ह्या वैनींची फरशी सोच्छ राहिली.” चाचा हसून हसून भिंतीला टेकले होते.

आता ते लिहिते, जे कुणाला सांगितलेलं नाही.

थंडीत मी एकदा तुमच्या कामावर आले होते. तू एका फडताळाला बारीक स्क्रू मारत होतास आणि एक स्क्रू प्लायवूडमध्ये आरपार गेला. मी विचारलं, असं कसं झालं. “रिंग फिरत न्हाई गं, दोरा बसलाय. पण माझं बोट हाय की. ट्रिगर कुठं सोडायचा ते बोटाला कळतंय.” आणि तू बोट वर करून दाखवलंस, कौतुकानं. मला तेव्हा काय दिसायला हवं होतं? एका माणसाच्या हातातल्या मशीनचा लगाम बांधला गेलाय, हे. मला काय दिसलं? माझा मुद्दा सिद्ध झाला, हे. मी म्हणाले, “बघ, तुझ्या देवानंच तुझं काम अडवलं.” तू म्हणालास, “देवाचं नाव काढू नगंस.” झालं. पुन्हा तोच वाद, पुन्हा तीच वाक्यं. तू दोरा सोडणार नव्हतास आणि मी तो कापायला लावणार होते.

दोरा ठेव, फक्त जागा बदल. हे एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. त्यात मला जिंकता आलं नसतं, तुलाही हरावं लागलं नसतं, म्हणून ते मला सुचलं नाही. स्क्रू आरपार गेलेला बघूनही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आले. कराडच्या घरमालकांचे फोन येत होते, कपाटं तशीच पडून होती. चाचांचं स्वतःचं मशीन नाही, ते तुला माहीत आहे. ते दारात उभे राहिले, आत आले नाहीत. “वैनी, त्याचं काम त्याच्याच मशीननं पुरं करावं म्हंतोय. तुमी न्हाई म्हनला तरी चालंल.”

मामी उठली, आत गेली आणि पेटी आणून त्यांच्यापुढं ठेवली. “न्या. पडून ऱ्हाऊन काय करायचंय.”

चाचा उद्या त्याच ओट्यासमोर, तेच मशीन धरून, तसाच स्क्रू मारणार होते. मी म्हणाले, “थांबा.” रात्रभर मनात तयार केलेलं सगळं होतं माझ्याकडं. पण समोर तुझी बायको होती, चौदा दिवसांची विधवा, आणि मी जे सांगणार होते त्यात तिच्या देवघरातला दोरा येणार होता.

मी पेटी उघडली. बॅटरी काढून बाजूला ठेवली. मशीन मामीच्या हातात दिलं आणि तिची बोटं रिंगवर ठेवली. “फिरवून बघ, मामी.”

तिनं जोर लावला. दोन्ही हातांनी लावला. रिंग हलली नाही.

“ह्यामुळं?” ती म्हणाली.

“एवढ्यामुळंच न्हाई,” मी म्हणाले. “शिडी न्हेली नव्हती, स्टूल हुतं. एका हातानं कपाट धरलं हुतं. ह्या मशीनला दुसऱ्या हातासाठी बाजूची मूठ येते, ती पेटीतच हुती. पण ह्यामुळंबी.”

तिनं दोऱ्याच्या गाठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “दोरा म्या आनून दिला हुता. गळ्याला बांधा म्हनलं. म्हंजी मीच की.”

मामा, मी जन्मात इतकी घाबरले नाही. खरं सांगायचं हा माझा बाणा, आणि खरं तिच्या हातात जाऊन हे असं झालं होतं. मला खोटं बोलता आलं असतं. दोऱ्याचं काही नाही, वेळ भरली होती, असं म्हणायला एक क्षण पुरला असता. त्या वाक्यावर सगळं गाव का टेकतं, हे मला तेव्हा कळलं. त्यानं घरातलं कुणीच दोषी होत नाही.

“न्हाई,” मी म्हणाले. “कुठं बांधायचा हे तुला कुणी सांगितलंच न्हाई. मला दिसलं हुतं. मी भांडत बसले.”

दारातून चाचा म्हणाले, “अन् मी रोज हातात घेत हुतो वैनी. आठ म्हैनं. मीबी रिंग एकदा फिरवून बघितली न्हाई. त्यो म्हनायचा माझं बोट हाय, मी म्हनायचो हाय बाबा तुझं बोट.”

मग मामीनं डोक्यातली पिन काढली. मला वाटलं, कात्री द्यावी. ती म्हणाली, “कापायचा न्हाई. सोडायचा.” वाळलेल्या हळदीचे पापुद्रे नखानं काढत, पिनेनं एकेक पदर सैल करत तिनं पाचही वेढे सोडले. किती वेळ लागला, सांगता येणार नाही. तेवढ्यात बाहेर चटणी विकणारी गाडी ओरडत येऊन गेली. दोरा सुटला तेव्हा तिनं तो हातात धरला, पेटी जवळ ओढली आणि पेटीच्या कडीला बांधला. दोन गाठी मारल्या. “हितं चालतंय न्हवं?” तिनं चाचांना विचारलं.

“चालतंय वैनी. हितं काय फिरतच न्हाई.”

चाचांनी पेटीतली बाजूची मूठ काढली, मशीनला बसवली. बॅटरी लावली. रिंग फिरवून लहान आकड्यावर आणली आणि अंगणातल्या प्लायच्या तुकड्यावर एक स्क्रू मारला. स्क्रू गेला, डोकं लाकडाला टेकलं आणि मशीन टर्रर्र करून सुटलं. मामी दचकली.

“मोडलं का?”

“न्हाई वैनी,” चाचा म्हणाले. “थांबलं.”

त्यांनी अजून एक स्क्रू मारला. मग आकडा एकानं वाढवून अजून एक. मग मला म्हणाले, शिडी टेम्पोवर बांधायला ये. मी गेले, एक टोक धरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा कराडहून फोन आला. दोन्ही कपाटं चढली होती. एक जरा डावीकडं झुकलंय, म्हणाले, पण घरमालकांना दिसलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं अजूनही नाही, मामा. पत्रक कपाळाला लावणं आणि मशीनला फूल वाहणं यात फरक आहे असं मला वाटतं, आणि तो मी तुला पटवून दिला असता, अजून दहा खंडेनवम्या मिळाल्या असत्या तर. तुझ्या श्रद्धेशी मी पुढंही भांडेन. तू आता गप्प आहेस म्हणून सोडणार नाही. पण यापुढं भांडण सुरू करण्याआधी मी समोरच्या माणसाचा हात कुठं आहे ते बघेन. आधी हात, मग वाद. एवढं तू मला शिकवून गेलास आणि त्यासाठी जी किंमत पडली ती मला कधीच मान्य होणार नाही.

तुझं रागावणं मला चालेल. घरातली गोष्ट अशी चव्हाट्यावर आणली म्हणून तू रागावशीलच. पण मी मामीला विचारलं, हे लिहू का. ती म्हणाली, “नाव घालू नगंस. दोरा घाल.”

आता थोडा वेळ तुझ्याकडं पाठ करते. यांच्याशी बोलायचंय.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात, दुकानात, वर्कशॉपात असं मशीन असेल. कदाचित तुमच्याकडं नसेल, पण उद्या तुमच्या घरी पडदे, कपाट, पंखा लावायला येणाऱ्याकडं असेल. देव माना, नका मानू, तो वाद मी पुन्हा कधीतरी घालीन. आज एकच करा. हा कागद खाली ठेवा, मशीनची बॅटरी काढा आणि ती रिंग पहिल्या आकड्यापासून शेवटच्या चित्रापर्यंत स्वतःच्या बोटांनी फिरवून बघा. तुमच्याकडं कामाला आलेल्या माणसाला त्याची फिरवून बघायला सांगा, तो हसला तरी सांगा. फिरत नसेल तर कशानं अडलीय ते शोधा आणि सोडवा. ती फिरेपर्यंत स्वतः वर चढू नका, दुसऱ्याला चढू देऊ नका.